घरी केलेले डिजिटल घड्याळ रोज साडेतीन सेकंद मागे पडते. चूक कुठे?

भिरंड | १८ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या देवळात (फोंडा तालुका, एवढं पुरे) श्रावणात चोवीस तासांचा भजनी सप्ताह असतो. बारा वाडे, प्रत्येकाला दोन तास. गेल्या वर्षी पहाटे एका वाड्याने पेटी सोडली नाही, पुढचा वाडा पखवाज घेऊन उभा, आणि भांडण लागलं ते वेळेवरून. एकाच्या मनगटावर ३:५२, दुसऱ्याच्या मोबाइलवर ४:०१, देवळातल्या भिंतीवर ४:०६. तेव्हा मी शहाणपणा करून म्हणालो, पुढच्या वर्षी बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ मी करून देतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता भोग.

केलंय असं: अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), डीएस१३०७ चं मॉड्यूल (वेळ सांभाळणारी चिप, म्हणजे आरटीसी), चार इंची सहा अंक (तास, मिनिट, सेकंद), अंक पेटवायला प्रत्येकाला एक ७४एचसी५९५ आणि एक यूएलएन२००३. बारा व्होल्टचा अडॅप्टर, आतल्या पाच व्होल्टसाठी ७८०५. सगळं अ‍ॅक्रिलिकच्या बंद पेटीत, कारण देवळात उदबत्तीचा धूर, समईची काजळी आणि पावसाळ्यात भिंतीतून झिरपणारं पाणी.

दिसतं झकास. पण आठ दिवस ओट्यावर लावून ठेवलं तर २८ सेकंद मागे. म्हणजे रोज साडेतीन. सप्ताहाला जेमतेम चार आठवडे उरलेत. कोड बघू की हार्डवेअर?

खाजें | १८ जुलै, रात्री ११:०४

चोवीस तासांच्या भजनात साडेतीन सेकंद? एवढा वेळ आमच्याकडे तबला जुळवायला पण पुरत नाही.

फ्लिपफ्लॉप | १८ जुलै, रात्री ११:३१

कोडमध्ये सेकंद मोजायला डिले(१०००), म्हणजे 'हजार मिलिसेकंद थांब', तर वापरलं नाहीस ना? अर्डुइनोच्या ऊनोसारख्या बोर्डावर मुख्य चिपला क्रिस्टल (ठोके देणारा क्वार्ट्झचा तुकडा) नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो. तो अर्धा टक्का इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे दिवसाला सात मिनिटं. तुझी चूक त्यामानाने फारच सभ्य आहे, म्हणून वेळ आरटीसीमधूनच वाचतोस असं धरून चालतो.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. वीज गेली की घड्याळ कुठली वेळ दाखवतं?

भिरंड | १९ जुलै, सकाळी ७:१२

वेळ आरटीसीमधूनच वाचतो. आणि वीज गेली की... आता सांगूनच टाकतो. पहिल्या आठवड्यात वीज येईल तेव्हा घड्याळ रविवार दुपारी ४:१७ दाखवायचं. कितीही वेळा. बायको म्हणाली, याला रविवारच आवडतो. मग लक्षात आलं की प्रोग्रॅम कंपाइल केल्याची वेळ आरटीसीत भरणारी ओळ मी सेटअपमधून काढलीच नव्हती. ती काढली, नवी बॅटरी घातली. ते आठ दिवस त्यानंतरचे आहेत.

फ्लिपफ्लॉप | १९ जुलै, सकाळी ७:२०

रविवार ४:१७ क्लबमध्ये स्वागत. माझं मंगळवार होतं.

वायरमन_काका | १९ जुलै, सकाळी ९:४५

बाबा रे, एवढ्या चिपा कशाला? १९८८ साली मी म्हापशात घड्याळ केलं होतं ते थेट लायनीवरच्या पन्नास सायकलवर. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून पल्स घ्यायचा, ७४९० लावून पन्नासने भागायचं, झाला सेकंद. क्रिस्टल नको की बॅटरी नको. बिलात घड्याळ फुकट.

कुळागरी | १९ जुलै, सकाळी १०:२०

काका, आणि ते बरोबर चालायचं?

वायरमन_काका | १९ जुलै, सकाळी १०:३८

सकाळी बरोबर असायचं.

संध्याकाळी लोड वाढला की फ्रीक्वेन्सी खाली बसायची. ४९ सायकलला तासाला ७२ सेकंद जातात. दिवेलागणीपासून जेवणापर्यंत पाच मिनिटं गायब. मध्यरात्रीनंतर थोडी परत मिळायची. आमची म्हातारी म्हणायची, हे घड्याळ पण संध्याकाळी दमतं.

डिचोलीकार | १९ जुलै, दुपारी १२:०५

काकांच्या काळातली स्थिती आता नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर लाइन जोडली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाशी एक झालं. आता फ्रीक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायचा नियम आहे. पण घड्याळाला तेवढंही फार होतं. सरासरी ४९.९५ राहिली तर दिवसाला ८६ सेकंद जातात.

युरोपात ग्रिडवाले साठलेली चूक मागाहून भरून काढतात, म्हणून तिकडे ओव्हनवरची घड्याळं लायनीवर चालतात. तीसुद्धा २०१८ च्या सुरुवातीला जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली होती, कोसोवो आणि सर्बिया यांच्यातल्या वीजवादामुळे. भांडण कुणाचं आणि उशीर कुणाला.

तेव्हा भिरंडबाब, लायनीच्या नादी लागू नका.

सोरोप | १९ जुलै, दुपारी १:३०

२०२० नंतर कोणी डीएस१३०७ लावतं का? ईएसपी३२ (वायफायवाला बोर्ड) घे, वायफायला जोड, एनटीपीने (नेटवरून) वेळ घे. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते, तिचाच टाइम सर्व्हर आहे. वीस ओळींचा कोड. विषय संपला.

भिरंड | १९ जुलै, दुपारी १:४४

देवळात वायफाय नाही. अध्यक्षांच्या घरचा राउटर सभामंडपापर्यंत पोचतो, पण वीज गेली की राउटर मरतो आणि श्रावणात वीज कधी जाते ते तुम्हांला माहीतच आहे. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट चोवीस तास देवळात ठेवायचा तर मलाही चोवीस तास देवळात बसावं लागेल.

खाजें | १९ जुलै, दुपारी १:५०

पुण्य लागेल.

सोरोप | १९ जुलै, दुपारी २:१०

तासातून एकदा जरी नेट मिळालं तरी पुरतं ना. मधल्या काळात आतला क्रिस्टल चालतोच.

फ्लिपफ्लॉप | १९ जुलै, दुपारी २:४०

"आतला क्रिस्टल चालतोच" इथेच तर सगळं अडलंय! नेट नसताना घड्याळ किती टिकतं हाच त्याचा प्रश्न आहे. आधी हे घड्याळ का चुकतं ते तरी शोधू.

क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्झचा, म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला एक ठोका. या बारक्या क्रिस्टलची खोलीच्या तापमानाला जी हमी असते ती साधारण २० पीपीएमची. दशलक्षात वीस म्हणजे दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला ५२. तुझी चूक याच्या दुप्पट आहे, म्हणजे आणखी काहीतरी आहे. मला तीन संशय येतात. एक, मॉड्यूलवर भलत्याच लोड कपॅसिटन्सचा क्रिस्टल. डीएस१३०७ ला १२.५ पिकोफॅरडचा लागतो. ६ वाला बसवला असेल तर घड्याळ मागे पडतं, तुझंही मागेच पडतंय, तेव्हा हा संशय उरतो. दोन, क्रिस्टलच्या पायांशी राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स आणि आपली पावसाळी हवा. तिथून नॅनोअँपिअर गळले तरी ऑसिलेटर बिथरतो. आयसोप्रॉपिलने घासून काढ, वाळव, वर नेलपॉलिशचा हात दे. तीन, उष्णता.

पेटी आतून किती तापते?

भिरंड | १९ जुलै, दुपारी ३:०२

हात लावला तर कोमट लागते. मोजलं नाही.

कुळागरी | १९ जुलै, दुपारी ४:१५

मी मोजतो, कागदावर. शून्य ते नऊ या दहा अंकांत मिळून ४९ सेगमेंट (अंकाच्या दांड्या) पेटतात, म्हणजे एका अंकाला सरासरी पाच. सहा अंकांचे तीस. सेगमेंटला २० मिलिअँपिअर धरले तर ०.६ अँपिअर, बारा व्होल्टला सात वॉट. बंद पेटीत सात वॉटचा दिवा रात्रंदिवस! कोमट नाही बाब, आत चांगली शेगडी आहे. ७८०५ ची उष्णता त्यात धरलेलीच नाही.

आणि या क्रिस्टलचा स्वभाव असा की २५ अंशांच्या आसपास तो सगळ्यांत वेगात चालतो. त्याहून गरम झाला तरी मागे, गार झाला तरी मागे. २५ पासून जितके अंश दूर, त्याचा वर्ग करायचा आणि ०.०३५ ने गुणायचं, तितके पीपीएम. दहा अंशांनी फक्त साडेतीन पीपीएम, पण पंचवीस अंशांनी बावीस. म्हणून गोव्यात साधं भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ ठीक चालतं, आपल्याकडे ना दिल्लीची थंडी ना नागपूरचा उन्हाळा. शेगडी तुम्ही स्वतः पेटवलीय.

माटोळी | १९ जुलै, रात्री ८:३०

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही, पण एक विचारू? तुमचा सप्ताह बारा वाजता सुरू होतो ना? ते बारा कुठले? आमचे आजोबा अंगणातल्या खांबाची सावली बघून सांगायचे, "घड्याळातले बारा म्हणजे खरे बारा नव्हेत."

डिचोलीकार | १९ जुलै, रात्री ९:०५

माटोळीताई, आजोबा बरोबर होते. प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. पणजी ७३ अंश ५० मिनिटांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे सरासरी ३५ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. तेही वर्षभर सारखं नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४९ ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ ला.

घंगाळ | १९ जुलै, रात्री ९:४०

म्हणजे देवाचे बारा वाजायच्या आधीच तुम्ही समई पेटवता, आणि वर साडेतीन सेकंदांचा हिशोब!

आमच्याकडे लग्नाला अजून घटिकापात्र काढतात, निदान फोटोपुरतं. तांब्याची वाटी, तळाला भोक, घंगाळात सोडायची, बुडाली की एक घटिका, २४ मिनिटं. घटिकेची साठ पळं, म्हणजे पळ २४ सेकंदांचं. तुमचं घड्याळ आठवड्याला एक पळ चुकतंय. भटजींना विचारा, चालतंय का.

वायरमन_काका | १९ जुलै, रात्री ९:५८

त्या वाटीला पण गरम पाण्यात एरर येत असणार. पाणी पातळ होतं, वाटी लवकर बुडते.

घंगाळ | १९ जुलै, रात्री १०:०१

काका, मुहूर्ताला टेम्परेचर कॉम्पेन्सेशन लावू नका.

भिरंड | २३ जुलै, रात्री ९:१५

हजेरी लावतो. पेटीत तापमानाचा सेन्सर सोडला. दुपारी ५१ अंश, रात्रीही ४९ च्या खाली नाही!

मग झाकण काढून तीन दिवस चालवलं. क्रिस्टलजवळ ३० ते ३१ अंश. तीन दिवसांत ५ सेकंद मागे, म्हणजे रोज १.७ च्या जवळपास. झाकण लावून साडेतीन. कुळागरीबाबांच्या सूत्राने ५१ अंशांना २४ पीपीएम, म्हणजे दोन सेकंद येतात. हिशोब बसला. अर्धी चूक क्रिस्टलची, अर्धी माझ्या पेटीची. फ्लक्सही साफ केला, पण त्याने काही फरक पडला नाही.

पण झाकण काढून देवळात लावता येणार नाही. तिसऱ्या दिवशी आत पाल बसली होती, सेकंदांच्या अंकामागे. उबेला.

खाजें | २३ जुलै, रात्री ९:२०

पाल चुकचुकली म्हणजे वेळ खरी.

फ्लिपफ्लॉप | २३ जुलै, रात्री १०:१०

आता दोन वाटा. एक म्हणजे कोडमध्ये दर काही तासांनी एक सेकंद घालायचा. डीएस१३०७ मध्ये सुधारणेचं रजिस्टर नाही, म्हणून हा जुगाड. पण तापमान बदललं की तोही चुकणार. दुसरी, सरळ डीएस३२३१ घे. क्रिस्टल त्याच्या पोटातच असतो, तो स्वतःचं तापमान मोजून स्वतःला सुधारतो. शून्य ते चाळीस अंशांत दोन पीपीएम, वर्षाला जास्तीत जास्त एक मिनिट. पत्ते तेच, तारा त्याच, लायब्ररीत एक शब्द बदलायचा.

घेताना चिपवरचा नंबर वाच. शेवटी एम असेल तर आत क्रिस्टल नसतो, मेम्स (सिलिकॉनचा सूक्ष्म कंपक) असतो, आणि हमी पाच पीपीएमची. वाईट नाही, पण पैसे दोनाचे देऊन पाच घेऊ नकोस.

आणि महत्त्वाचं! त्या निळ्या स्वस्त मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करायचं सर्किट असतं, एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर. ते चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. आपण घालतो साधा सीआर२०३२, तो चार्ज करायचा नसतो. पाच व्होल्टवर चालवणार असशील तर तो रेझिस्टर उपटून टाक. देवळात सेल फुगायला नको.

कुळागरी | २३ जुलै, रात्री १०:३२

+१. आणि नवा आरटीसीही त्या शेगडीतच ठेवू नका. चाळीसच्या वर त्याचीही हमी साडेतीन पीपीएमवर जाते. पेटीच्या तळाला वेगळा कप्पा करा, खाली भोकं, भोकांना डासांची जाळी. आणि अंकांचा उजेड निम्मा करा. रात्री दोन वाजता भजन करणाऱ्याच्या डोळ्यांत ८८ खुपसायची गरज नाही.

सोरोप | २३ जुलै, रात्री ११:००

जीपीएस लावा मग. नेट नको, काही नको.

पाटाकडचो | २४ जुलै, सकाळी ६:५०

मी केलंय जीपीएसवर, घरी, तीन वर्षं झाली. दोन ठिकाणी फसलो ते सांगतो.

मॉड्यूल सेकंदाला एक पल्स देतं, तो पल्स एका सेकंदाच्या काही कोट्यांश भागाइतका अचूक असतो. पण वेळ सांगणारं वाक्य सिरियलवरून येतं ते पल्सच्या नंतर, कधी कधी अर्धा सेकंद उशिरा. वाक्य आल्या आल्या अंक बदलले तर घड्याळ कायम मागे. वाक्य वाचायचं, त्यात एक मिळवायचा आणि पुढचा पल्स येताच दाखवायचं. हे मला दोन महिने कळलं नव्हतं.

दुसरं, सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं वेळ दोन-तीन सेकंद पुढे दिसायची. जीपीएसची स्वतःची वेळ लीप सेकंद (जागतिक वेळेत अधूनमधून घातलेला जादा सेकंद) मोजत नाही, ती आज जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा अठराचा आकडा उपग्रहाकडून साडेबारा मिनिटांतून एकदाच येतो. तोवर मॉड्यूल आपल्या जुन्या आठवणीवर चालतं.

शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरचा. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ उजाडत होती, पहाटे ५:२९:६०. मी जागा होतो. बाकी सगळा गोवा नुकता झोपला होता. आता २०३५ पर्यंत ही पद्धतच बंद करायचं ठरलंय, तेव्हा ज्यांनी बघितला नाही त्यांची हुकली.

आणि देवळाचं छप्पर कौलांचं की पत्र्याचं? कौलांखाली माझं चालतं. पत्रा असेल तर अँटेना बाहेर काढावी लागेल.

भिरंड | २४ जुलै, सकाळी ८:०५

सभामंडपावर पत्रा. आणि अँटेना बाहेर काढायला भोक पाडायचं तर देवस्थान समितीची बैठक, कोरम, महाजनांचं मत. सप्ताह पुढच्या श्रावणात जाईल. डीएस३२३१ मागवतो.

मी त्याची वेळ लावू कशी, म्हणजे सेकंदाला सेकंद? आणि नंतर चूक मोजू कशी? डोळ्यांनी बघून अर्ध्या सेकंदाच्या खाली सांगता येत नाही.

पाटाकडचो | २४ जुलै, सकाळी ८:४०

लावायला: सेकंदांच्या रजिस्टरमध्ये लिहिलं की चिपच्या आतला भागाकार शून्यापासून सुरू होतो. म्हणजे बटण ज्या क्षणी दाबाल तिथून सेकंद मोजला जातो. पुढच्या मिनिटाची वेळ भरून ठेवा, फोनवर एनटीपीची वेळ लावा आणि ठोक्याला बटण दाबा. दहा वेळा केलं की हात बसतो.

मोजायला: फोनवर वेळ दाखवून तो फोन घड्याळाशेजारी धरा आणि दुसऱ्या फोनने दोघांचा व्हिडिओ घ्या. मग एकेक फ्रेम पुढे सरकवायची. सेकंदाला साठ फ्रेम असल्या तर सोळा-सतरा मिलिसेकंदांपर्यंत कळतं. तुमचे अंक मल्टिप्लेक्स (आळीपाळीने पेटणारे) नाहीत हे बरं, नाहीतर व्हिडिओत अर्धे आठ दिसतात.

भिरंड | २१ ऑगस्ट, रात्री ११:२०

सप्ताह पार पडला.

डीएस३२३१ दहा ऑगस्टला लावला, तळाच्या कप्प्यात, तिथे ३३ अंश. उजेड निम्मा केला, वरही ४० च्या पुढे जात नाही. रेझिस्टर उपटला. सप्ताहाच्या सकाळी व्हिडिओ काढून बघितलं, अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. वीज रात्रीतून तीनदा गेली. घड्याळ बारा व्होल्टच्या बॅटरीवर टाकलं होतं, सेकंद चालूच.

भांडण यंदाही झालं.

खाजें | २१ ऑगस्ट, रात्री ११:२२

???

भिरंड | २१ ऑगस्ट, रात्री ११:३५

जुनं भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलेलं होतं, म्हणे पुजारी आणि पेटीवाले वेळेवर यावेत म्हणून. गेली वीस वर्षं. हे मला कोणी सांगितलंच नाही. आता दोन्ही घड्याळं समोरासमोर. ज्याची पाळी संपत आली तो माझ्या घड्याळाकडे बोट दाखवणार, ज्याची सुरू व्हायची तो जुन्याकडे. शेवटी एका काकांनी जुन्यातला सेल काढून खिशात टाकला, तेव्हा कुठे शांत झालं.

घंगाळ | २२ ऑगस्ट, सकाळी ७:००

त्या काकांना इंजिनिअरिंगची पदवी द्या.

भिरंड | ११ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. ६१ दिवस झाले, मध्ये एकदाही वेळ लावलेली नाही. काल व्हिडिओ काढला, ५ सेकंद पुढे. एक पीपीएमच्याही किंचित खाली येतं. हे आणखी कमी होतं का?

फ्लिपफ्लॉप | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१५

हमीच्या निम्म्यात आहेस, तरी खाज जात नाही. बरं. त्या चिपमध्ये एजिंगचं (क्रिस्टल जुना होतो तशी त्याची चाल सुधारायचं) एक रजिस्टर आहे. एक आकडा बदलला की साधारण ०.१ पीपीएमचा फरक पडतो, आणि धन आकडा भरला की घड्याळ मंद होतं. तू पुढे आहेस, तेव्हा त्यात ९ किंवा १० भर आणि दोन महिने गप्प बस. त्या नादात सेकंदांच्या रजिस्टरला हात लावू नकोस, नाहीतर कुठून मोजायला सुरुवात केली तेच कळणार नाही.

भिरंड | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३१

९ भरतो.

दुसरी अडचण आहे. समितीचं पत्र आलंय. घड्याळ उत्तम आहे, आभार, पण पुजारी आता आरतीला पाच मिनिटं उशिरा येतात, तरी कृपया घड्याळ पाच मिनिटं पुढे करून द्यावं.

वायरमन_काका | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४०

करून दे. बरोबर तीनशे सेकंद पुढे, एक कमी नाही, एक जास्त नाही.

पाटाकडचो | १२ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

आरटीसीला हात लावू नका, त्याची खरी वेळ राहू द्या. फक्त दाखवताना तीनशे मिळवा, आणि मागच्या बाजूला एक स्विच ठेवा. सप्ताहाला बंद, एरवी चालू.

कुळागरी | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

स्विच पेटीच्या आत ठेवा. बाहेर ठेवलात तर बाराही वाड्यांना कळेल.